मनातली कात्री

"स्ट्रोक आहे," असं बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझा उजवा हात मांडीवर परक्याचा असल्यासारखा पडून होता. स्ट्रोक म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडणं. जीव वाचला, चालायलाही लागले, पण उजवी मूठ मिटली ती उघडेना. मी आमच्या कडा गावात ब्लाउज शिवते. कात्रीच धरता येणार नसेल तर मी करू काय, एवढाच घोर होता.

बरेच महिने फिजिओथेरपी केली. मग डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथे ईईजीवर चालणारा हातमोजा होता. ईईजी म्हणजे डोक्याला तारांची टोपी घालून मेंदूतली बारीक वीज मोजणं. हात हलवायचं मनात आणलं की ती वीज बदलते, यंत्र ते ओळखतं आणि मोजा बोटं उघडतो. शॉक बसत नाही. मी आधी तेच विचारलं होतं, तुम्हीही विचाराल.

निघताना सासूबाईंनी माझ्या डोक्यावर वाटीभर तेल थापलं. मोठ्या दवाखान्यात सून पिंजारलेल्या केसांनी कशी जाणार! त्या तेलापायी यंत्राला माझा मेंदूच सापडेना. शेवटी नवऱ्याने तिथल्याच बेसिनवर शाम्पू लावून माझं डोकं धुतलं. लोक बघत होते. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "मूठ उघडतेय असं मनात आणा." मी इतका जोर लावला की दात आवळले, आणि यंत्राने दातांचाच जोर टिपला. रोज तेच. एक दिवस रडू आलं. नवरा शेजारी येऊन बसला.

"मूठ मूठ कावून घोकतीस? मनात कापड घे अन् कात्री चालव. ते तर तुला झोपेत बी येतं."

डोळे मिटले. हिरवा खण, खडूची रेघ. कात्रीचं तोंड उघडलं आणि मोज्यात माझी बोटं उघडली. मी हसत सुटले, तर यंत्र पुन्हा गोंधळलं. हसलेलंही त्याला चालत नाही.

हळूहळू मोज्याशिवायही बोटं उघडू लागली. सगळ्यांना इतका गुण येतोच असं नाही, डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. पण आपल्या हाताला जे काम ठाऊक आहे तेच मनात करून बघा. त्या डॉक्टरांचे आणि नवऱ्याचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आल्यावर पहिलं ब्लाउज सासूबाईंचं कापलं. एक बाही बोटभर आखूड झाली. दुसरं शिवून देते म्हटलं, तर ऐकेनात. तेच घालून भाचीच्या लग्नाला गेल्या आणि मांडवात भेटेल त्याला ती आखूड बाही दाखवत फिरल्या.