डब्याला दिलेला लाल रंग

खंडेनवमीला लोक अवजारांना हळदकुंकू लावतात. मी एका वर्षी अख्ख्या डब्याला ऑइलपेंटचे दोन हात दिले, आणि त्यातून जे बिघडलं त्याचं खापर वायरमनवर फोडलं. वय सत्तेचाळीस होतं, म्हणजे तोवर अक्कल यायला हरकत नव्हती.

डबा म्हणजे जीपमागं ओढायचं आमचं पत्र्याचं घर. जत्रांमधून स्टीलची भांडी विकायचा धंदा. शिजवणं, झोपणं त्यातच. जीपमधली वीज डब्याच्या मागच्या दिव्यांना एका सात पिनांच्या प्लगातून जायची. ही वायरिंग जळकोटच्या फाट्यावरच्या नव्या वायरमननं केली होती. त्याला गाळा घेऊन महिनाही झाला नव्हता. आमचा डबा हेच त्याचं पहिलं मोठं काम, आणि ते बघूनच गिऱ्हाईक येणार होतं.

दसरा झाल्यावर तुळजापूरच्या पौर्णिमेच्या जत्रेला निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी डावा इंडिकेटर दिला, तर मागचे सगळेच दिवे मिणमिणायला लागले. ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर अंधुक पेटायचे. हायवेला ट्रकांच्या पुढं असं जाणं शक्य नव्हतं. गाडी तशीच फाट्यावर नेली. वायरमनच्या गाळ्यापर्यंत जायचा धीर मला कुठला. शेजारच्या चहाच्या टपरीवर उतरले आणि मोठ्यानं म्हणाले, "ह्यानं सगळं उलटंसुलटं जोडलंय. कुणी गाडी देऊ नका ह्याच्या हातात, जाळून ठेवील."

गाळ्यासमोर थांबलेल्या पिकअपवाल्यानं चहा संपवला आणि गाडी काढली. एक ट्रॅक्टरवाला "बघू पुढच्या खेपेला" म्हणत गेला.

वायरमन बाहेर आला. भांडला नाही. टेस्ट लॅम्प घेऊन जीपकडच्या सॉकेटात एकेक पिन तपासली.

"हितून सगळं नीट निघतंय, काकू. तिकडून माघारी यायला वाट न्हाय."

"म्हंजे तूच वाट ठेवली न्हाईस."

त्यानं बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर आणून डब्याच्या दाराच्या रंग न लागलेल्या कडीला टेकवली. सगळे दिवे शहाण्यासारखे लागले. वायर काढली की पुन्हा मिणमिण.

"अर्थिंग मिळंना," तो म्हणाला. मग प्लगातून येणारी पांढरी वायर धरत धरत डबा जीपला जोडायच्या दांड्यापाशी वाकला. तिथं बोल्ट, वॉशर, वायरचं टोक, सगळं एकाच लाल कातड्याखाली. "ह्यो बोल्ट म्या उघड्या लोखंडावर आवळला व्हता. आता मधी रंग हाय, रंगातनं करंट जात न्हाय."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "रंग देताना काढला व्हता का गं?"

"काढूनच द्यावा लागतो," मी म्हणाले. "न्हायतर खाली गंज धरतो."

हेही मी तोऱ्यातच सांगितलं.

त्यानं काचपेपरनं बोल्टखालचा रंग घासून लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळला. डावा दिला तर डावाच लागला. ब्रेकला ब्रेकचेच.

ह्यांना जीपमध्ये बसू दिलं आणि मी त्याला डब्याच्या आडोशाला गाठलं. टपरीवाल्यांना दिसू नये अशा बेतानं, हळू आवाजात म्हणाले, चुकलं माझं.

हात पुसत तो म्हणाला, "काकू, मला एकट्याला कानात सांगून काय उपेग? मघाशी जितक्या मोठ्यानं वरडला, तितक्याच मोठ्यानं टपरीवर जाऊन सांगा."