धुऱ्यापलीकडचा कापूस

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी. माझी आई मी दीड वर्षाचा असताना गेली, तेव्हापासून मी मोठ्या आईच्याच पदराखाली वाढलो. तिला स्वतःचं मूल नव्हतं. मोठे बाबाही लवकर गेले. मुकुटबनच्या बाजारात धोतरवाल्या माणसांच्या रांगेत एकटी बाई बसून ती बियाण्याचा भाव करायची, आणि पटला नाही तर भर बाजारात दुकानदाराची शोभा करायची. जिभेवर तिखट आणि हातात माया, असा तिचा सगळा कारभार.

एक गोष्ट तिनं कधी चुकवली नाही. कापसाची पहिली वेचणी करण्याआधी सीतादही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाखाली सात खडे मांडायचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, वावरात चहूकडे दही शिंपडायचं आणि मगच बोंडाला हात लावायचा. त्या दिवशीचा ओंजळभर कापूस ती वेगळा ठेवायची आणि वर्षभर त्याच्याच वाती वळायची. मोठे बाबा गेले तेव्हा त्यांनी प्राण सोडला त्या जागेवर ठेवलेल्या दिव्यातही तीच वात होती.

"माह्या दिव्यालेबी घरचाच कापूस पाहिजे," ती म्हणायची. "इकतचा आनशीन तर पाय लावीन दिव्याले."

आम्ही हसायचो.

यंदा मी सगळ्या वावरात सोयाबीन पेरलं. वेचायला बाया मिळत नाहीत, बायकोची कंबर गेलेली, आणि खरं सांगायचं तर मलाच कंटाळा आला होता. नव्वदी उलटलेल्या, डोळ्यांनी अधू झालेल्या बाईला कशाला सांगायचं, म्हणून सांगितलं नाही. हा माझा शहाणपणा.

दसरा झाला तशी ती विचारू लागली. "फुटला काय रे कापूस?"

"नाही अजून. यंदा उशीर हाय."

दिवाळी गेली. ती अंथरुणाला लागली, जेवण चमच्यावर आलं, तरी सकाळी डोळे उघडले की तोच प्रश्न. शेवटी एका दुपारी मी वावरात गेलो. धुऱ्यापलीकडे, बांधाच्या त्या बाजूला, शेजाऱ्याची पऱ्हाटी पांढरी झाली होती. त्याचं-माझं याच धुऱ्यावरून तीन वर्षं बोलणं बंद. तो दिसत नव्हता. मी चोरून दोन ओंजळी कापूस वेचला आणि पंच्यात बांधून घरी आणला.

"सीतादही करून आलो, मोठी आई. हा घे."

तिनं कापूस चाचपला. उशीला टेकून दोन दिवस वाती वळल्या. तिसऱ्या दिवशी माझी बायको दुसऱ्या खोलीत आहे हे विचारून घेतलं आणि मला जवळ बोलावलं.

"मले उठवते बसवते तुही बायको. तिच्या बोटाले एकबी ओरखडा नाही. वेचनीच्या दिवसांत असे हात असतात काय कोनाचे? कापूस नाही ना पेरला?"

मी मान खाली घातली.

"सांगाले काहून भेलास? मी काय खाल्लं असतं तुले?" मग तिनं वळलेल्या वाती चाचपल्या. "ज्याच्या वावरातला हाय, त्याले सांग. त्याच्या वावरात दही शिपडून ये. मंग तो कापूस आपला होते."

मी हो म्हणालो. लोटीत दही घेऊन निघालो आणि धुऱ्यापर्यंत गेलोही. पलीकडे तो पाठमोरा काम करत होता. हाक मारायची म्हणजे चोरी कबूल करायची. माझ्यानं झालं नाही. दही बाभळीखाली ओतलं आणि परत आलो.

"शिपडलं?"

"शिपडलं."

"काय म्हने तो?"

"घेऊन जा म्हने."

तिचा चेहरा इतका निवला की मला तिथे बसवेना. पहिलं खोटं तिनं पकडलं होतं. हे मात्र तिला खरं वाटलं. चार दिवसांनी ती गेली.

तिच्या जागेवर दिवा लावला, तिनंच वळलेल्या वातीचा. तिसऱ्या दिवशी शेजारी आला. माझ्याशी न बोलता दिव्यासमोर मांडी घालून बसला. लहानपणी तोही तिच्या हातची भाकर खात आमच्याच चुलीपाशी बसायचा. मग म्हणाला,

"घरच्याच कापसाची वात पाहिजे म्हने मोठी आई. यंदा तर तुह्या वावरात पऱ्हाटी नोहती."

"इकत आनला," मी म्हणालो. तिच्या दिव्यासमोर.

तो वातीकडे पाहत राहिला.

"माह्याकडून न्यायचा ना लेका. तिच्यासाठी नाही म्हनलो असतो काय मी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही मी खरं सांगितलं नाही. त्यानं कोपऱ्यातली तेलाची वाटी ओढली, दिव्यात तेल घातलं आणि उठून गेला.