योम सर हयात असेपर्यंत

आमच्या प्यो ग्यॉंग-रान ताई यंदा दक्षिण कोरियातल्या तेगू शहराच्या कॉलेजातून निवृत्त होताहेत. लहान मुलांची फिजिओथेरपी शिकवण्यात आणि तिच्यावर संशोधन करण्यात त्यांचा जन्म गेला. निरोपसमारंभात सगळे गोड बोलतील, मीही बोलेन. म्हणून कडू ते इथे आधीच सांगून टाकते. कॉलेजच्या दवाखान्यात इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली राबले आहे, तेवढा हक्क मला आहे.

ताईंना घडवलं योम सरांनी. बाप नसलेली, लसणाच्या शेतातून आलेली ही पोरगी. सरांनी तिला शिकवलं, नोकरीला लावलं, लग्नात बापाच्या जागी उभे राहिले. जन्मतःच मेंदूला इजा झालेल्या मुलांना चालतं करण्याची सरांची एक पद्धत होती. सगळे तिला 'योम पकड' म्हणायचे. मूल पालथं घालायचं आणि हातापायांच्या ठरावीक जागा दाबून धरायच्या. ते रडतं, धडपडतं आणि म्हणे त्या धडपडीतून स्नायू जागे होतात. घरी हेच आईने रोज सकाळ-संध्याकाळ करायचं. "आज रडेल, उद्या चालेल," असं सर सांगत आणि आया डोळे पुसत मान डोलवत.

ताईंनी एकदा मुलांचे दोन गट करून ही पकड तपासायला घेतली. एका गटाला पकड, दुसऱ्याला नुसतं खेळवून स्वतःहून हलू द्यायचं. हेतू सरांचं नाव आणखी मोठं करण्याचाच होता. पण पकडीचा काडीचाही फायदा दिसेना. उलट पकडीतली मुलं आईच्या कुशीत जाईनात. ताईंनी सगळं पुन्हा तपासलं, तेच निघालं.

"आता छापा," मी म्हणाले.

"आधी सरांच्या कानावर घालते. त्यांच्या पाठीमागे नको."

नववर्षाला सगळे शिष्य सरांच्या घरी दंडवत घालायला जातात. तपासणीच्या निकालाचे कागद ताईंच्या पिशवीत होते. सरांनी स्वतः त्यांच्या वाडग्यात तांदळाच्या वड्यांचं सूप वाढलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "ही माझी थोरली लेक. माझी पकड हिच्या हातात जिवंत राहणार." ताई मान खाली घालून वड्या गिळत राहिल्या. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "बोललात?"

"त्यांच्या घरचं सूप पिता पिता कसं बोलू गं?"

"मग सूप सोडायचं होतं."

"तुझं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! थकलेत ते आता. जाऊ देत सुखाने, मग छापू."

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड ताईंनी धरली आणि भीक मुलांच्या पदरात पडली. कारण सर काही जायला तयार नव्हते. रोज टेकडी चढायचे, मुळ्याची आंबवलेली तिखट किमची करकर चावून खायचे, नव्वदी ओलांडली तरी सभेत पहिल्या रांगेत हजर. ताई वर्गात पकड शिकवत राहिल्या. स्वतः मूल हातात घेतलं की बोटं सैल सोडायच्या, ते आम्हाला दिसायचं. परीक्षेत मात्र घट्ट धरणाऱ्यालाच मार्क. आयांना अवाक्षर सांगितलं नाही, कारण एका आईला सांगितलं की दुपारपर्यंत सरांच्या कानावर गेलंच असतं.

शेवटी सर गेले. ताईंनी पोटच्या मुलीसारखे काळे कपडे घालून अंत्यविधीच्या दालनात पाहुण्यांना जेवू घातलं. वर्षश्राद्ध झाल्यावर पेपर छापला. वरातीमागून घोडं! तोवर परदेशात कोणीकोणी हेच सांगून मोकळं झालं होतं. आणि ताईंनी तो अर्पण कोणाला केला? योम सरांच्या स्मृतीला. वाचून माझं डोकं फिरलं.

यंदाच्या शिक्षकदिनी दुसऱ्या वर्षाची प्रतिनिधी कार्नेशनचं फूल घेऊन ताईंच्या खोलीत आली. गिल सो-दाम. कुबडी घेऊन चालते. आमच्याच दवाखान्यात वाढलेली पोर. तिच्या आईला पकड शिकवली होती ती ताईंनीच.

"मॅडम, तुमचा पेपर वाचला," ती म्हणाली. "मुलं कधी तपासली ते साल दिलंय त्यात."

"हो."

"तेव्हा मी चार वर्षांची होते. आईने मला सहावीपर्यंत धरलं. मी किंचाळायचे, ती पण रडायची. अजून तिचा हात पाठीला लागला की मी दचकते. मग ती विचारते, अजून रागावलीस का माझ्यावर. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"सो-दाम, सर हयात होते गं तेव्हा," ताई म्हणाल्या.

"मीही होते, मॅडम."

वर्गातर्फे फूल लावायचं काम तिचंच होतं. तिने कुबडी टेबलाला टेकवली, ताईंच्या कोटाला कार्नेशन नीट टाचलं, रीतीप्रमाणे कमरेतून वाकली आणि गेली.