डॉक्टर आत्ताच येऊन गेले

त्या गल्लीतली सगळी घरं खोटं बोलली.

ओगलेकाका मंगळवारी गेले. मूळचे नागपूरचे डॉक्टर, सगळं आयुष्य इंग्लंडात, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये काढलं. रिटायर झाल्यावर डाव्या पक्षासाठी दारोदार फिरायचे.

आपला वॉर्ड एकदा तरी लाल झालेला बघायचा, एवढीच इच्छा.

मी व्हिसावर आलेला पुणेकर. कॉमनवेल्थमधले म्हणून इथे आपल्यालाही मत देता येतं हे मला त्यांनीच सांगितलं, आणि मग माझे सगळे शनिवार खाल्ले.

पत्रकं आणि एक लाकडी उलथनं, एवढाच सरंजाम. दाराच्या फटीतून कागद उलथन्याने सरकवायचा, नाहीतर आतला कुत्रा बोटं धरतो. इथली कुत्री पण उजवी, असं काका म्हणायचे.

दरवेळी हरायचो. एकदा वैतागून विचारलं, का?

"अरे, आपले लोक भाड्याने राहतात. मतदार यादी येईपर्यंत घर बदलतात. त्यांचे लोक तीस वर्षं त्याच घरात, भर पावसात मत द्यायला जातात. आपले उरलेसुरले लाल, हिरव्या, पिवळ्या अशा तीन पक्षांत वाटले जातात. आणि कोणी हसून हो म्हटलं ना, की अर्धंच मत धर."

परवा गुरुवारी मतदान होतं. काकूंना म्हटलं, आज राहू दे. त्या म्हणाल्या, जा, ते गेले असते.

गेलो.

पहिल्याच दारात एक आजीबाई हसल्या. "तुमचे डॉक्टर आत्ताच येऊन गेले. सांगितलंय त्यांना, मत तुम्हालाच."

वयामुळे होतं असं, म्हणून पुढे गेलो.

शेजारच्या घरात तरुण बाई. तेच वाक्य.

समोरच्या घरात तेच.

काका गेले हे न सांगताच मी पुढचं दार वाजवत गेलो. सहाव्या दारानंतर मी गल्लीच्या टोकाला बघायला लागलो, करडी टोपी दिसते का म्हणून. खरं सांगतो, भीती वाटली. आणि दिसावेत असंही वाटत होतं.

काल दुपारी स्पोर्ट्स सेंटरमध्ये मोजणी झाली. टेबलापलीकडे उभं राहून नुसतं बघायचं. त्या गल्लीची पेटी उघडली. आमच्या उमेदवाराच्या नावापुढे मताची फुली शोधावी लागत होती.

म्हणजे दार लवकर लावून घ्यायला ते लोक तसं बोलले. पण सगळ्यांना तेच वाक्य कसं सुचलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मग पोस्टाने आलेल्या मतांचा गठ्ठा आला. काकांनी आपलं मत शनिवारी स्वतः चालत जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकलं होतं, काकू म्हणाल्या होत्या. मी तिथल्या अधिकारी बाईंना विचारलं, माणूस मधेच गेला तर?

त्या हळू म्हणाल्या, "टाकलं तेव्हा होते ना? मग मोजतो आम्ही."

आपण हरलो, काका. सपशेल हरलो.

हो म्हणणारी जिवंत माणसं आली नाहीत. तुम्ही आलात.

तुमचं मत मोजलं गेलं. मी समोर उभा होतो.

नमस्कार करतो.