हात पाठी!

नाना पाइपाला कान लावून कोळसा नेमका कुठे अडकलाय ते सांगत. मग हातोड्याचा एकच ठोका, आणि कोळसा धडधडत बॉयलरकडे. मी त्याच पाइपाला दहा ठोके घाली. कोळसा जागचा हलत नसे, माझं हेल्मेट तेवढं नाकावर येई. “अरे मेल्या, पाइपाक आधी विचार, मगे मार,” नाना ओरडत. कुडाळकडचे ते, चिडले की मालवणी, खूश झाले की जास्तच मालवणी.

मी हिंगोलीकडचा, आठवी नापास. ट्रॉम्बेच्या वीज केंद्रात कंत्राटावर लागलो तेव्हा रोज वाटायचं, आज हाकलतील. नानांनी आपला जुना हातोडा मला दिला, त्या दिवशी मुंबईत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

मग कोळसा बंद होऊन नैसर्गिक वायू येणार असं ठरलं. नव्या पाइपांवर तपासणीची एक फेरी नीट करून दाखवेल तो राहील, बाकीचे घरी. शिकवायला नाना. “आधी डोळे, मगे कान. हात सगळ्यात शेवटी. तवसर हात पाठी!” बागेत आलेल्या पेन्शनरांसारखं त्यांनी आम्हाला हात मागे बांधून फिरवलं. वायूच्या भागात लोखंडी हातोडा न्यायलाच बंदी. एक ठिणगी पुरे.

हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेच्या दिवशी साहेब मागे उभे, नाना शेजारी, व्हॉल्व्ह घट्ट लागला, आणि माझ्या हाताने शर्टाखालचा हातोडा काढून वर उचललासुद्धा! सकाळी सवयीने कमरेला खोचला होता, लोक घड्याळ घालतात तसा. नानांनी मनगट धरलं.

“हा कोणाचा?” साहेबांनी विचारलं.

“माझो,” नाना म्हणाले. “मीच दिलंय तेका.”

खोटं नव्हतंच, फक्त त्या दिवशी दिला नव्हता. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. शाळेत काही शिकलो नसेन, पण गप्प बसायला चांगलं शिकलो होतो.

चूक शिकवणाऱ्याची ठरली. नानांना वायूच्या भागात बंदी. निवृत्तीपर्यंतचे सहा महिने स्टोअरमध्ये. मला दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी. सकाळी स्टोअरच्या खिडकीशी गेलो आणि रडायलाच लागलो.

“रडतंस कित्याक? माका सहा महिन्यांनी घराकच जावचा आसा. तू खंय जातलंस?”

हात मागे बांधून फेरी केली. पास झालो.

नाना आता गावी असतात. मी मात्र बाजारातसुद्धा हात मागे बांधून चालतो. हिंगोलीला गेलो की लोक म्हणतात, गडी साहेब झाला! खरं तर मला माझ्या हातांचा भरवसा नाही. अधूनमधून नानांचा फोन येतो. ख्यालीखुशाली नंतर, आधी प्रश्न.

“हात खंय आसत?”

“एक मागेच आहे, नाना. दुसऱ्यात फोन आहे.”