बसला तो बाद

धावलो मी आयुष्यात एकदाच. पण त्या एका दिवसाचे किस्से आमच्या स्टाफरूममध्ये इतके साचले, की नवीन शिक्षक रुजू झाला की त्याला आधी चहा मिळतो आणि मग हे किस्से. दर वेळी सांगणारा वेगळा आणि अंतर थोडं वाढलेलं! म्हणून एकदा खुद्द धावणाऱ्याच्या तोंडून ऐका.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. लोकांच्या अंगात उत्साह मावत नव्हता. चिखलीतल्या काही हौशी मंडळींनी मॅरेथॉन ठरवली. चिखलीहून निघायचं, उंद्रीला वळसा घालायचा आणि परत चिखली. सव्वीस मैल, असं पत्रकात छापलं होतं. मोजले कुणी नव्हते.

पहिला येईल त्याच्या शाळेला ढाल, आणि आजी-माजी विद्यार्थ्यांबरोबर प्रत्येक शाळेनं एक शिक्षकही द्यायचा होता. मीटिंगमध्ये हेडमास्तरांनी विचारलं, तेव्हा सगळे खाली मान घालून बसले. मी एकटाच हजर नव्हतो, दाढ दुखत होती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझं नाव!

मी तणतणत आत गेलो. "मीच का?"

हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "तुम्ही भूगोलाचे. रस्ता तरी चुकणार नाही."

* * *

धावण्याचं मला काही वाटलं नाही. पस्तिशीचा गडी, पोट बेताचंच सुटलेलं. अडचण वेगळी होती. उंद्री ही माझी सासुरवाडी!

दोन वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या लग्नात मानाचा फेटा आधी धाकट्या साडूला बांधला आणि मग मला. मी थोरला जावई! भरल्या ताटावरून उठून आलो. तेव्हापासून मी म्हणायचो, "आबांनी बोलावल्याशिवाय जाणार नाही." आणि सासरे, म्हणजे आबा, म्हणायचे, "जावई दारात आल्याशिवाय पोरीले न्यायले येनार नाही." या दोन शहाण्यांच्या मध्ये माझ्या बायकोच्या, शांताच्या, दोन दिवाळ्या माहेराविना गेल्या. पाडव्याला तिचे डोळे सुजलेले असायचे. ते मला दिसत होतं, आणि तरी मी हटत नव्हतो.

पत्रक तिनंच वाचलं. म्हणाली, "आबाच्या दारावरूनच रस्ता हाये."

"असू दे. मी थांबणार नाही."

"चड्डी घालून जानार?"

मी तसाच उठलो. शिंप्याकडे गेलो, धावायची चड्डी शिवायला टाकली. त्यानं मास्तराच्या अब्रूचा विचार करून ती गुडघ्याखाली चार बोटं शिवली. "घ्या सर. पळाले तं चड्डी, बसले तं लेंगा!"

* * *

सराव चार दिवस केला. त्या काळी मोठा माणूस रस्त्यानं पळताना दिसला की लोकांना एवढंच कळायचं, कुणीतरी गेलं असणार.

पहिल्या दिवशी एका बैलगाडीवाल्यानं कासरा ओढला. "काय झालं हो, गुरुजी? कोन वारलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही. सराव करतोय."

"कायचा?"

"पळायचा."

तो गाडीवरून खाली वाकला. मग म्हणाला, "घरचे ठीक हायेत ना?"

चौथ्या दिवशी मागून एस.टी. आली. मला पळताना बघून ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि कंडक्टर दारातून ओरडला, "सर, दमानं या! गाडी उभी हाये तुमच्यासाठीच!" सगळे पॅसेंजर माना बाहेर काढून बघत होते. एवढा मान दिल्यावर नाही कसं म्हणायचं? मी चढलो, तिकीट काढलं आणि पुढच्या स्टॉपवर उतरून चालत घरी आलो. सराव तिथंच संपला.

* * *

शर्यतीच्या सकाळी आमचे पी.टी.चे काळे सर सायकल, शिट्टी आणि वही घेऊन पंच म्हणून उभे होते. त्यांनी एकच नियम तीनदा सांगितला, "रस्त्यात बसला तो बाद! मग तो कोनी का असेना!" हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते.

शिट्टी झाली. पहिला मैलभर मी सगळ्यांच्या पुढं होतो. हे स्टाफरूममध्ये कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

मग खेड्यापाड्यांतली अनवाणी पोरं सर्रकन निघून गेली. मी उंद्रीपासून अजून तीनेक मैलांवर होतो, तेवढ्यात पहिला गडी उंद्रीला वळसा घालून परत येताना दिसला. आमच्याच शाळेचा जुना विद्यार्थी! भूगोलात मी त्याला दोनदा नापास केलं होतं. मला बघितलं आणि पठ्ठ्या थांबला. वाकून पाया पडला.

"अरे पळ! मागून येऊन राह्यले ते!"

"हो सर. तब्येत बरी हाये ना, सर?"

तेवढ्यात दुसरा त्याच्या पुढं गेला, पण दहा पावलांवर तोही वळून आला. तोही आमचाच! मग तिसरा आला. तो दुसऱ्या शाळेचा होता, त्यानं पाया पडायचं काही कारण नव्हतं. तो पळत राहिला आणि पहिला आला! आमच्या शाळेच्या संस्कारांमुळे आमच्या शाळेची ढाल गेली, असं हेडमास्तर अजून म्हणतात.

* * *

भर दुपारी उंद्री आली. मागे पंचाची सायकल घेऊन काळे सर, कारण माझ्यामागे कुणीच उरलं नव्हतं. मी नजर समोर ठेवली होती. आबांचं दार डावीकडे येणार, मी उजवीकडे बघणार, असं पक्कं ठरवलं होतं.

पण आबा दारात नव्हतेच! ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. मागे ओट्यावर पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, सासूबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या.

आबा एवढंच म्हणाले, "बसा."

मागे काळे सरांनी घसा खाकरला आणि वहीतून पेन्सिल काढली.

मंडळी, बसलो तर शाळेची लाज आणि नाही बसलो तर शांताची तिसरी दिवाळी! त्या क्षणी तो फेटा, तो मान, सगळं मला एवढंसं वाटलं. फेट्यासाठी दोन वर्षं त्या बाईला रडवलं याची मनापासून लाज वाटली. जागच्या जागी पाय नाचवत मी म्हटलं, "आबा, बसता येत नाही हो! बसलो की बाद!"

आबांनी माझ्याकडे बघितलं. चड्डीकडे बघितलं. मग वाकले आणि माझ्या नाचत्या पायांवर पाणी ओतलं. सासूबाईंनी तशातच ओवाळलं. कुंकू कपाळाला लावायला गेल्या आणि ते लागलं नाकाला.

मग आबांनी वहाणा घातल्या, काठी घेतली. "चला."

"कुठं?"

"बसता येत नाही म्हनता, तं चालता चालता बोलू!"

आणि निघाले की माझ्याबरोबर! साठीचे आबा चालत होते आणि मी पळत होतो, तरी आम्ही बरोबरच होतो. लग्न, फेटा, साडू, ताटावरून उठणं, सगळं त्यांनी काढलं. प्रत्येक आरोपाला माझ्याकडे चोख उत्तर होतं. पण बोलायला दम नव्हता, त्यामुळे भांडण झालंच नाही.

* * *

चिखलीत शिरलो तेव्हा मांडव सोडणं चालू होतं. मी रेघ ओलांडली. शेवटचा, पण पुरा! हेडमास्तर टाळ्या वाजवत पुढं आले, काळे सरांनी वहीत नाव लिहिलं. आबा मात्र रेघेपाशी थांबलेच नाहीत. तसेच सरळ आमच्या घराच्या गल्लीत वळले.

मी लंगडत मागोमाग पोचलो. बघतो तर शांता नवं लुगडं नेसून उंबऱ्यात बसलेली, शेजारी कपड्यांची पिशवी भरलेली. आबा ओसरीत पाणी पीत होते.

मी चाटच पडलो. "तुले कसं माहीत, आबा येतील म्हणून?"

ती म्हणाली, "आबा एकदा बोलायले लागले म्हंजे संपवल्याबिगर थांबत नाहीत. अन् तुम्ही त्यायले मागं टाकून पुढं निघून जासान, एवढं पळनं तुम्हाले येते कुठं?"