सिदू आबांच्या चाकूसाठी शिरूर ते दौंड

घडीचा चाकू वापरता वापरता अचानक मिटला आणि ज्यांच्या बोटांना टाके पडले, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. तुम्ही डाळिंबाची छाटणी करत असाल, गोणीची सुतळी कापत असाल किंवा सहलीत काकडी चिरत असाल. टाके घालताना डॉक्टरांनी तुम्हाला एकच प्रश्न विचारला असणार: लक्ष कुठं होतं? घरी गेल्यावर तोच प्रश्न, कामावर गेल्यावर तोच. जखम तुमची आणि गुन्हाही तुमचाच. पातं उभं धरून ठेवायचं काम ज्या खटक्याचं होतं, त्या खटक्याला मात्र कुणी काही विचारत नाही. याची मला वर्षानुवर्षं चीड आहे. गावोगावी अवजारांच्या सुरक्षिततेवर बोलत फिरते, तेव्हा हा मुद्दा मी एकदाही सोडलेला नाही.

म्हणूनच वडगाव रासाईहून संगीताचा फोन आला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

दोन वर्षांपूर्वी घोंगडी घ्यायला म्हणून मी तिच्या घरी गेले होते आणि दोन दिवस राहिले होते. तिचे सासरे सिदू आबा. त्यांच्या वडिलांच्या काळात घराण्याचा मोठा कळप होता आणि सगळे मेंढरांमागं फिरत. आता घरचा ऊस आहे, पक्कं घर आहे आणि आबांच्या हौसेखातर राखलेली चौदा मेंढरं आहेत. तेव्हा आबांचा जुना चाकू मी पाहिला होता. नुसत्या पट्टीच्या ताणावर उभा राहणारा, अडवणारा खटका नसलेला. मी त्यांच्या ओट्यावर बसून तासभर बोलले आणि पुण्याला परतल्यावर चांगला खटक्याचा चाकू घेऊन पाठवला. सोबत चिठ्ठी: आबा, आता बोट जाणार नाही.

संगीता फोनवर म्हणाली, "ताई, आठ दिस झालं, आबांची दोन बोटं कापली. तुमच्याच चाकूनं. मेंढराचं खूर साळत व्हते, चाकू मिटला. म्या चाकू लपवून ठिवलाय. आन् ह्यांनी ठरवलंय, पुढच्या बाजाराला मेंढरं शिरूरला न्यायची आन् इकून टाकायची. आबा दोन दिस जेवलं न्हाईत."

मी त्याच संध्याकाळी चाकू बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. खणखणीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवीत टाकून निघाले, कारण पाठवण्याआधी चाकूचा फोटो हवा होता.

पहिला दिवस: शिरूरमार्गे

पुण्याहून शिरूरला एसटी भरपूर आहेत, पण सकाळी सातच्या आत निघा. वाघोलीत एकदा अडकलात की चहाची तल्लफ आणि सहनशक्ती दोन्ही संपतात. रांजणगावला कारखान्यांची पाळी सुटली होती. माझ्या शेजारी बसलेला तरुण फोनवर सांगत होता, "सुपरवायझर को बोल, गार्ड लगाए बिना मैं मशीन नहीं चलाता." मला त्याला उठून मिठी मारावीशी वाटली. मारली नाही.

शिरूर स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तिखट आहे, ताक मागून घ्या. मग बाजारपेठेत एका हार्डवेअरच्या दुकानात शिरले आणि दुकानदाराला घडीचे चाकू दाखवायला सांगितले. साठीतला शांत माणूस. त्यानं काचेवर चार चाकू मांडले. पहिला आबांच्या जुन्या चाकूसारखा, अडवणारं काहीच नसलेला. दुसऱ्याच्या मुठीच्या तोंडाशी फिरतं कडं, ते फिरवलं की पात्याचा परतीचा रस्ता बंद. तिसऱ्यात मुठीच्या आतली पातळ पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाशी टेकते. चौथा मी आबांना पाठवला होता तसाच: मुठीच्या पाठीवर एक दांडी, तिच्या टोकाला आकडा. पातं उघडलं की आकडा पात्याच्या बुडाला असलेल्या खाचेत पडतो.

मी विचारलं, "हा चौथा मिटतो कसा? खटका पडल्यावरसुद्धा?"

"मिटायला नको, ताई."

"मिटला. दोन बोटं कापली. तुम्ही असले चाकू विकता कसे?"

पुढची पाच मिनिटं मी बोलले. ग्राहकाचा हक्क, बनवणाऱ्याची जबाबदारी, सगळं. दुकानात तोवर तीन माणसं जमली. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं बरोबर असंल. पर तो चाकू आणलाय का?"

"नाही."

"मग आधी तो बघा. न बघता मी तरी काय बोलू?"

मला हे उत्तर पळवाट वाटलं. आज वाटत नाही.

शिरूरहून न्हावऱ्याला जीप मिळाली आणि तिथून पुढं ऊस नेऊन रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं वडगावच्या फाट्यावर सोडलं. पैसे घेतले नाहीत. माझ्यासारखा शिरूरला वळसा घालायचा नसेल तर पुण्याहून सरळ दौंडच्या डेमू गाडीनं केडगावला उतरा आणि भीमेचा पूल ओलांडून या. नदीकाठी काळी जमीन आहे, पाऊस होऊन गेला की बुटाला दोन-दोन किलो चिखल लागतो. नेमका याच चिखलानं मेंढरांचा घात होतो. ओल्यात खुराचं नख वाढतं, खाली दुमडतं, आत चिखल साठून सडायला लागतं आणि जनावर लंगडतं. दर काही आठवड्यांनी ते साळून काढावंच लागतं.

आबा ओट्यावर होते. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. मला पाहून हसले.

"या ताई. भाषण लई धारंचं केलं व्हतं तुमी. चाकू त्याच्याहून धारंचा निघाला."

त्यांचा मुलगा दत्ता आतून बाहेर आला. तो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. "ताई, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "वय झालंय त्यांचं. मला ऊसतोडीची टोळी बघायची का मेंढराची खुरं बघायची? दोन मेंढरं लंगडाया लागलीत. आणखी पंधरा दिस असंच राहिलं तर घेणारा बी मिळायचा न्हाई."

"मी कुठं न्हाई म्हणालोय," आबा म्हणाले. "ईक. मला फकस्त तवा घरी ठिवू नगं. कुठंतरी पावण्याकडं धाड."

संगीता भाकऱ्या थापायला आत गेली. तिच्या हातची शेंगदाण्याची आमटी आणि बाजरीची भाकरी मी नेहमी दोन वेळा मागून खाते. त्या दिवशी एकदाच खाल्ली.

जेवण झाल्यावर तिनं धान्याच्या कोठीमागून चाकू काढून दिला. लोकरीच्या पुंजक्यात गुंडाळलेला. मी तो उघडला, टक् असा स्वच्छ आवाज आला. पातं हलवलं, हललं नाही. माझ्या डोळ्यांना काहीही दिसलं नाही आणि कंपनीवरचा माझा राग तसाच राहिला.

दुसरा दिवस: दौंड

आबांचे टाके काढायला दौंडच्या दवाखान्यात जायचं होतं. दत्तानं शेजाऱ्याची गाडी मागून आणली आणि आबा, संगीता, मी असे सगळे निघालो. दवाखान्यात डॉक्टरांनी आबांना विचारलंच, "लक्ष कुठं होतं, आबा?" मी तोंड उघडणार तेवढ्यात संगीतानं माझा हात दाबला.

तिचे मामा दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहतात. आयुष्यभर सिग्नल खात्यात नोकरी केली, आता मुलाच्या क्वार्टरमध्ये असतात. भाचीचा सासरा टाके काढायला आलाय म्हटल्यावर त्यांच्याकडं चहाला न जाणं शक्यच नव्हतं. दौंड हे पाहायचं गाव म्हणून कुणी सुचवत नाही. मी सुचवते. कॉलनीतली चिंचेची झाडं, दर दहा मिनिटांनी लांबून येणारा गाडीचा भोंगा आणि गाडी न दिसता तिचा नंबर सांगणारी माणसं. हे दुसरीकडं कुठं मिळणार?

मामांनी चाकू मागून घेतला. चष्मा लावला. उघडला, टक्. मिटला. पुन्हा उघडला आणि पाठीवरून हळूच अंगठ्याचं नख फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं.

"पावणं," ते आबांना म्हणाले, "तुमचा खटका पडतच न्हाई."

"आवाज येतोय की," मी म्हणाले.

"आवाजाचं काय घिऊन बसलाय, ताई. आमच्या यार्डात रूळ बदलायचा पॉइंट असतोय. रूळ सरकला, धाडकन आवाज झाला. पर मधी खडा अडकला असंल तर रूळ पुरता टेकत न्हाई. मग कुलूप बसत न्हाई आन् कुलूप बसल्याबिगर सिग्नल पडत न्हाई. आमी मुद्दाम मधी पट्टी घालून तपासायचो, पट्टी असताना कुलूप बसतंय का. बसलं तर कुलूप खोटं, मग सायबाला झोप न्हाई, आमालाबी न्हाई." त्यांनी चाकू माझ्या हातात दिला. "नख फिरवा."

मी फिरवलं. पाठीवरची दांडी पुढच्या टोकाला, आकड्याच्या बाजूला, मुठीच्या किंचित वर उभी होती. कागदाच्या दोन घड्यांइतकी. नख तिथं अडखळलं.

"मधी काय तरी हाय," मामा म्हणाले. त्यांनी सुईनं खाच उकरली. आधी वाळका चिखल निघाला. मग काळी, तेलकट, दाबून दाबून नमद्यासारखी घट्ट झालेली लोकर.

आबांनी ती बोटावर घेतली आणि ओळखली. "ही माज्याच मेंढराची."

मग सगळं उलगडलं. मेंढरामागच्या माणसांकडं चाकू नेहमी कच्च्या लोकरीत गुंडाळून ठेवतात. लोकरीला अंगचा चिकट ओशटपणा असतो, त्यानं पातं गंजत नाही. आबांच्या वडिलांनी तेच केलं, आबांनी तेच केलं. जुन्या चाकूला खाचच नव्हती, लोकर जाणार कुठं? नव्या चाकूला खाच होती. दोन वर्षं रोज एकेक धागा तिच्यात जाऊन बसला, वरून खुराचा चिखल. आकडा अर्धाच पडत होता. एवढ्यानं पातं हातानं हलवलं तर हलायचं नाही. पण त्या दिवशी टोक खुरात रुतलं, मेंढरानं हिसका दिला, पात्याच्या पाठीवर जोर आला आणि आकडा निसटला.

जुन्या चाकूत काही अडवत नाही हे आबांच्या हाताला चाळीस वर्षं ठाऊक होतं. तो हात जपून चालायचा. नव्या चाकूवर त्यांनी भरवसा ठेवला, कारण मी ठेवायला सांगितला होता.

"आबा, चूक माझी आहे," मी म्हणाले.

"आवं, लोकर गुंडाळाया तुमी सांगितली व्हती व्हय?"

"गुंडाळू नका हेही नाही सांगितलं. तुम्ही चाकू कसा ठेवता हे मी विचारलंच नाही. नुसती बोलत राहिले."

आबांनी लोकर चिमटीत धरली. मग दत्ताकडं वळून म्हणाले, "म्हंजी हात म्हातारा झालेला न्हाई. खाच भरली व्हती." दत्ता चहाच्या कपात बघत होता. त्यानं मान वर केली नाही, पण "व्हय" म्हणाला.

परतल्यावर ऊन उतरायच्या आत एक लंगडं मेंढरू अंगणात आणलं. आबांची बोटं अजून मिटत नव्हती. दत्ता दाराशी हाताची घडी घालून उभा. चाकू लपवणाऱ्या संगीतानंच तो कमरेतून काढला, पदर खोचला आणि म्हणाली, "आबा, तुमी धरा. म्या साळती."

"तुला यील?"

"सांगा की. सांगितल्यावर येतंयच."

आबांनी मेंढरू ढुंगणावर बसवून छातीशी टेकवलं, डाव्या हातानं पाय धरला. संगीतानं चाकू उघडला, पाठीवरून नख फिरवलं, ते कुठं अडखळलं नाही, आणि आबांना दाखवलं. आबांनीही आपलं नख फिरवलं. मग काम सुरू झालं.

"पातळ काढ. पांढरं दिसलं की थांब. त्याच्या म्होरं जीव हाय." ती थांबली. "आता बाजूचं. घाई करू नगं, त्याला बी कळतंय नवा हात हाय."

चार पाय व्हायला अर्धा तास लागला. आबा एकट्यानं हे दहा मिनिटांत करत. मेंढरू उठलं, दोन पावलं बिचकून टाकली आणि गवताकडं निघून गेलं. दत्ता म्हणाला, "दुसरं लंगडं मी आणतो," आणि गोठ्याकडं गेला.

घरी

तिसऱ्या दिवशी केडगावहून डेमूनं परतले. तिकीट एका वडापावच्या प्लेटइतकं. खिडकीशी बसून मी पिशवीतलं पत्र काढलं. त्यातलं निम्मं खोडलं. चाकू वाईट नव्हता. पण खोक्यावर पात्याच्या धारेचे चार फोटो आहेत आणि खटका पुरता बसला हे कसं ओळखायचं याचं एकही चित्र नाही, ही तक्रार मी ठेवली आणि पत्र पाठवलं. उत्तर अजून नाही. मीसुद्धा दोन वर्षांपूर्वी त्या खोक्याइतकीच गप्प होते, हेही लिहून ठेवते. माझ्या भाषणात आता सुरुवातीची दहा मिनिटं लोकांना विचारण्यासाठी राखून ठेवली आहेत: तुमच्याकडं हे कसं वापरतात, कशात ठेवतात.

परवा संगीताचा फोन आला. तो बाजार होऊन गेला, त्यानंतरचाही. मेंढरं चौदाच्या चौदा घरी आहेत. आबांची बोटं वळायला लागली आहेत आणि त्यांनी चाकू परत मागितला. तिनं दिला, पण पाठीवरून नख फिरवून. लोकरीत आता फक्त पातं गुंडाळतात, उघडं ठेवून, मुठीला लोकर लागू देत नाहीत. ही युक्ती आबांची. माझ्या डोक्यात ती आलीही नसती.

तेव्हा हे वाचून झाल्यावर एकच करा. घरातला घडीचा चाकू काढा, पातं पूर्ण उघडा आणि मुठीच्या पाठीवर आकड्याची दांडी असेल तर तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवा. अडखळलं तर खाच उकरून साफ केल्याशिवाय तो चाकू कुणाच्याही हातात देऊ नका.